सवलतीतला संगणक आणि न लिहिलेल्या ओळी

भाचीचा निरोप रात्री उशिरा आला. एका गेमिंग डेस्कटॉपच्या जाहिरातीचे छायाचित्र आणि खाली एवढेच: "मावशी, मूळ किमतीच्या जवळजवळ निम्म्यात मिळतोय. घेऊ का? सवलत उद्या संपते." छायाचित्रात काचेचे कॅबिनेट होते, आत निळ्या-जांभळ्या प्रकाशाची कडी असलेले पंखे होते आणि बाजूला ठळक अक्षरांत प्रोसेसरचे घराणे, पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा क्रमांक, रॅमचा आणि साठवणीच्या एसएसडीचा आकडा दिलेला होता. दिव्यांना त्या जाहिरातीत एक पूर्ण परिच्छेद मिळाला होता. रंग किती, ते कोणत्या सॉफ्टवेअरने बदलायचे, संगीताच्या तालावर ते कसे हलतात, हे सगळे सविस्तर होते. एसएमपीएसविषयी मात्र एक शब्दही नव्हता. दिवा मालवून पडल्यावरही मला तेच खटकत राहिले. जो भाग साऱ्या यंत्राला वीज पुरवतो, त्याचे नाव सांगावे असे विक्रेत्याला का वाटले नसेल?

सकाळी तिच्याशी बोलण्याआधी मी दुसरा एक प्रश्न सोडवायला घेतला. निम्मी म्हणजे कशाच्या निम्मी? खोडलेला आकडा समोर असला की मन नकळत तिथूनच मोजायला लागते. १९७४ साली टव्हर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी या प्रवृत्तीविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरवले जाई आणि ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आधी व्यवस्था केलेली असे. मग विचारले जाई, की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के असतील? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ निघाला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नसताना ही गत, तर खोडलेला आकडा त्याच वस्तूचा असल्यावर तो मनाला किती घट्ट धरून ठेवत असेल! युरोपीय संघात मे २०२२ पासून सवलत जाहीर करणाऱ्या विक्रेत्याला आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो मोजणीची सुरुवातच योग्य जागेवर आणून ठेवतो.

संगणकाच्या बाबतीत तर खोडलेली किंमत बहुधा वेगळ्याच काळातली असते. नव्या पिढीची ग्राफिक्स कार्डे बाजारात आली की जुन्या पिढीचे कार्ड बसवलेली यंत्रे गोदामातून हलवावी लागतात. आरटीएक्स ४०६० हे कार्ड जून २०२३ मध्ये आले आणि मे २०२५ मध्ये त्याच्या पुढच्या पिढीचे ५०६० आले. त्यानंतर ४०६० बसवलेले यंत्र कोणी सवलतीत काढले, तर त्यात लबाडी काहीच नाही. ते कार्ड रातोरात मंद होत नाही. फक्त पहिल्या दिवशीच्या किमतीशी त्याची आजची किंमत ताडून पाहण्यात अर्थ उरत नाही. अर्थ उरतो तो एकाच बेरजेला: हेच भाग आज सुटे घेतले, जोडणावळ दिली आणि विंडोजचा परवाना घेतला, तर किती पडेल? ती बेरीज मांडायला बसले की लगेच अडचण येते. बेरजेला प्रत्येक भागाचे पूर्ण नाव लागते आणि जाहिरात ते देत नाही.

सवलतीचा आकडा विक्रेत्याच्या गोदामाची हकीकत सांगतो. यंत्राची हकीकत त्या नावांत असते.

आणि नावे तरी कितपत पुरेशी असतात? आपल्याकडची जुनी म्हण आहे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० या एकाच नावाने ६ जीबी आणि ३ जीबी अशी दोन कार्डे विकली गेली. फरक केवळ मेमरीचा आहे असे कुणालाही वाटावे, पण ३ जीबीच्या कार्डात गणन करणारी एककेही १२८० ऐवजी ११५२ होती. आरटीएक्स ३०६० मूळचे १२ जीबीचे आणि १९२ बिटांच्या मार्गाचे होते. पुढे त्याच नावाखाली ८ जीबीचे आणि १२८ बिटांचे कार्ड आले, म्हणजे मेमरीकडून माहिती येण्याचा रस्ता एक तृतीयांशाने अरुंद झाला. २०२४ मध्ये आलेल्या ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीचीही तीच कथा. सुटे कार्ड घेणारा माणूस खोका हातात धरून हे सारे वाचू शकतो. तयार यंत्रात तो खोकाच नसतो, म्हणून तिथे कार्डाच्या क्रमांकाबरोबर मेमरीचा आकडा मागून घ्यावाच लागतो. प्रोसेसरचे घराणे तर त्याहून फसवे आहे. 'आय सेव्हन' हे इंटेलच्या प्रोसेसरांचे नाव २००८ पासून चालत आले आहे. त्या वर्षीच्या आय सेव्हनमध्ये चार कोअर, म्हणजे काम करणारी चार स्वतंत्र केंद्रे होती, तर बाराव्या पिढीच्या आय सेव्हन १२७०० मध्ये बारा आहेत. नुसते 'आय सेव्हन गेमिंग पीसी' एवढेच लिहिलेले असेल, तर त्यातून काहीही कळत नाही. कार्यालयातून निवृत्त झालेल्या जुन्या डब्याला नवी काच आणि चार दिवे लावूनही तसे लिहिता येते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडचेच प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारते. त्यामुळे असे यंत्र घरी येते तेव्हाच त्याचा पुढचा रस्ता बंद झालेला असतो.

या विषयाकडे मी कोरड्या नजरेने पाहू शकत नाही, त्याचे कारण आत पाहिलेल्या यंत्रांत आहे. ओळखीतल्या एका मुलाने तयार यंत्र घेतले होते आणि खेळ मधूनमधून अडखळतो म्हणून मला बोलावले होते. बाजूची काच उतरवली तेव्हा नव्या प्लास्टिकचा आणि किंचित तापलेल्या धुळीचा मिश्र वास आला. मदरबोर्डावर रॅमचे चार स्लॉट होते. त्यांतल्या एकात एकच पट्टी होती आणि तीन रिकामे होते. पट्टी १६ जीबीची होती, म्हणजे जाहिरातीतला आकडा अक्षरशः खरा होता. पण दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसर दोन मार्गांनी एकाच वेळी मेमरीशी बोलतो. एकीवर त्याला एकाच मार्गावर भागवावे लागते. सरासरी फ्रेमच्या, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या, आकड्यात हे पूर्ण उतरत नाही. ते उतरते गर्दीच्या क्षणी, चित्र थबकते त्या निमिषात. शिवाय ती पट्टी तिच्यावर छापलेल्या वेगापेक्षा कमी वेगाने चालत होती, कारण बायोसमधली, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ व्यवस्थेतली, एक्सएमपी ही रॅम छापील वेगाने चालवण्याची सोय कारखान्यातून कोणी चालूच केली नव्हती. ती चालू करायला काही क्षण लागले आणि दुसरी पट्टी नंतर विकत आणून बसवली. त्या मुलाचा आनंद पाहून मलाही बरे वाटले, पण राग मात्र गेला नाही. खोटे एकही अक्षर न लिहिता ग्राहकाला कमी देता येते, हे तिथे उघड दिसत होते.

आता एसएमपीएसकडे येते, कारण त्या रात्री खटकले होते ते हेच. तयार यंत्रातला पैसा वाचवायचा असेल तर सर्वांत सोपी जागा ही आहे. तो दिसत नाही, त्याने फ्रेम वाढत नाहीत आणि त्याच्या नावावर कोणी यंत्र विकत घेत नाही. जाहिरातीत फार तर वॅट लिहिलेले असतात, क्वचित एटी प्लसचे कांस्य किंवा सुवर्ण मानचिन्ह असते. ते मानचिन्ह कार्यक्षमतेचे आहे; भिंतीतून घेतलेल्या विजेतील किती भाग यंत्रापर्यंत पोहोचतो आणि किती उष्णतेत जातो, एवढेच ते सांगते. आतले कपॅसिटर कोणत्या दर्जाचे आहेत, विजेचा दाब किती स्थिर राहतो, काही बिघडले तर संरक्षक मंडल वेळेवर पुरवठा तोडते का, यांविषयी ते मौन पाळते. आणि आजची ग्राफिक्स कार्डे वीज एका संथ धारेने घेत नाहीत. दृश्य एकाएकी जड झाले की क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात त्यांची मागणी उसळी मारते. २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात म्हणूनच अशी अट आली, की मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट उसळी सोसली पाहिजे. ज्याला हे सोसत नाही त्याच्या जिवावर चालणारे यंत्र लढाई ऐन रंगात आल्यावर एकदम काळे पडते. मी ते एका परिचितांकडे पाहिले आहे. आधी पंख्यांचा आवाज चढत गेला, मग टक् असा बारीक आवाज झाला, पडदा विझला आणि थोड्या वेळाने जळक्या वार्निशसारखा वास खोलीभर पसरला. ते कार्ड वाचले. वाचलेच नसते तरी कागदोपत्री सारे काही जाहिरातीप्रमाणेच होते.

काही मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत आणखी एक गोष्ट असते आणि ती मला मनापासून दुखावते. मदरबोर्डाचा आकार त्यांचा स्वतःचा असतो, एसएमपीएसची जोडणी त्यांची स्वतःची असते आणि कॅबिनेटही त्याच मापाने घडवलेले असते. अशा यंत्रात एसएमपीएस गेला तर बाजारातला दुसरा बसत नाही. पुढे मोठे कार्ड घ्यावेसे वाटले, तर एसएमपीएसपाठोपाठ मदरबोर्ड आणि त्याच्यापाठोपाठ कॅबिनेट बदलावे लागते. तेव्हा आज सवलतीत वाचलेले पैसे काही वर्षांनी व्याजासह द्यावे लागणार असतात. कार्यालयीन कामाच्या संगणकात मी हे समजू शकते, तिथे कोणी वाढ करत नाही. पण खेळांच्या यंत्राचे आयुष्य एकेक भाग बदलत जाण्यात असते. पाच वर्षांनी फक्त कार्ड बदलून त्याच यंत्राला नवा जोम देता येणे, हेच तर लॅपटॉप सोडून डेस्कटॉप घेण्याचे मोठे कारण आहे. ते कारणच काढून घेतले, तर मग एवढे मोठे धूड टेबलावर मांडायचे कशासाठी?

उष्णतेचेही तसेच. आय सेव्हन १३७०० या प्रोसेसरचा मूळ वीजवापर ६५ वॅट आहे, पण जोर लावला की तो २१९ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एवढी उष्णता बाहेर न्यायला मोठा कूलर आणि मोकळी हवा लागते. समोरचा सारा भाग काचेने बंद असेल आणि वर छोटासा कूलर असेल, तर प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन स्वतःला आवरतो आणि त्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात. मला विचाराल तर जाळीचे तोंड असलेल्या साध्या कॅबिनेटमधला, एक पायरी खालचा आय फाइव्ह मी काचेत कोंडलेल्या आय सेव्हनच्या वर ठेवीन. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेल यंत्रांबाबत आणखी एक चौकशी आवश्यक आहे. त्यांतल्या वरच्या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे खराब होत असल्याचे २०२४ मध्ये समोर आले. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने त्यासाठी मायक्रोकोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमध्ये, सुधारणा दिल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. पण झालेले नुकसान सुधारणेने भरून येत नाही. म्हणून बायोस अद्ययावत आहे का आणि यंत्र कुणाकडून वापरून परत आलेले तर नाही ना, हे विचारायलाच हवे.

इतके सगळे लिहूनही तयार यंत्राविषयी माझ्या मनात तुच्छता नाही.

स्वतः भाग निवडून यंत्र असेंबल करणाऱ्यांत, आणि मी त्यांतलीच आहे, तयार यंत्र घेणाऱ्याला अजाण समजण्याची एक सवय असते. ती मला अन्यायाची वाटते. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट किती लावायची, कनेक्टरची बारीक पिन कोणत्या खाचेत बसवायची, यंत्र सुरूच झाले नाही तर दोष कोणत्या भागात शोधायचा, हे ज्याला करायचे नाही त्याने न करण्यात काही उणे नाही. सुट्या भागांच्या यंत्रात बिघाड झाला की प्रत्येक भागाचा हमीदार वेगळा असतो. तयार यंत्रात एकच पत्ता असतो. आणि असे काळही येतात, की तयार यंत्रच स्वस्त पडते. २०२१ मध्ये संगणकावर आभासी चलनाची नाणी 'खणणाऱ्यांनी' ग्राफिक्स कार्डे उचलली आणि सुटे कार्ड छापील किमतीत मिळेनासे झाले, तेव्हा अनेकांनी केवळ आतल्या कार्डासाठी अख्खे यंत्र घेतले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची पद्धतच सोडली आणि मग तो ताण सैल झाला. २०२५ च्या अखेरीस तीच पाळी रॅमवर आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचे उत्पादन वळले, सुट्या पट्ट्यांचे भाव भडकले आणि डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. भाव चढण्याआधी भरून ठेवलेली रॅम ज्याच्या यंत्रांत आहे, त्याची सवलत अशा वेळी खरीखुरी असू शकते. म्हणूनच ती बेरीज आजच्या भावाने करावी लागते. गेल्या वर्षीच्या ज्ञानावर विसंबून चालत नाही.

भाचीला मी आधी एवढेच विचारले, की तुझा मॉनिटर कोणता आणि तू काय खेळणार? तिच्याकडे १९२० गुणिले १०८० चा जुना पडदा आहे. स्टीम या खेळविक्रीच्या मंचाच्या मासिक पाहणीतही सर्वाधिक लोकांचा पडदा तोच असतो, आणि या पडद्यावर बहुतेक खेळांना ८ जीबीचे कार्ड पुरते. चित्राचे सगळे दर्जे चढवले आणि प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे रे ट्रेसिंग लावले, की नव्या मोठ्या खेळांत ते तोकडे पडू लागते. तिला मुख्यतः मैत्रिणींबरोबर ऑनलाइन खेळायचे आहे. अशा खेळांत डोळे दिपवणाऱ्या चित्रापेक्षा फ्रेमची नियमितता मोलाची असते, म्हणजे रॅमच्या दोन पट्ट्यांचे महत्त्व तिच्यासाठी अधिक. मग आम्ही दोघींनी मिळून विक्रेत्याला प्रश्न लिहिले: एसएमपीएसचे आणि मदरबोर्डाचे पूर्ण मॉडेल, रॅमच्या पट्ट्या किती, एसएसडी कोणती, कार्ड कोणत्या कंपनीचे आणि किती मेमरीचे. पहिल्या उत्तरात नुसते वॅट आले. पुन्हा विचारल्यावर नावेही आली, आणि एसएमपीएस मध्यम पण विश्वासाच्या मालिकेतला निघाला. मदरबोर्ड साधा, प्रमाणित मापाचा. रॅमची पट्टी, अपेक्षेप्रमाणे, एक.

बेरीज झाली तेव्हा सुट्या भागांची किंमत सवलतीच्या किमतीहून किंचित जास्त भरली. म्हणजे यंत्र रास्त भावात मिळत होते आणि 'निम्म्यात' मात्र मुळीच मिळत नव्हते. हे तिला सांगताना मला जड गेले. रात्रीच्या निरोपात जो हर्ष होता तो तिच्या आवाजातून उतरला. "म्हणजे सवलत नाहीच?" असे तिने विचारले आणि मी म्हणाले, "नाही, पण वस्तू चांगली आहे." या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तिला पटायला वेळ लागला, आणि खरे सांगायचे तर हिशेब बरोबर असूनही तिचा तो हर्ष आपण काढून घेतला याची चुटपुट मला लागून राहिली. तिने यंत्र घ्यायचे ठरवले. दुसरी पट्टी भाव उतरतील तेव्हा घ्यायची, असेही ठरले. एसएमपीएसचे नाव दुसऱ्यांदा विचारूनही मिळाले नसते, तर सवलत कितीही मोठी असती तरी मी तिला नकोच म्हटले असते.

यंत्र घरी आल्यावरचे काम तिला लिहून दिले आहे. सुरू करण्याआधी काच उघडून आत पहायचे, कारण प्रवासात कार्ड हलू नये म्हणून कॅबिनेटच्या आत फोमची पिशवी भरलेली असू शकते आणि ती तशीच ठेवून यंत्र चालवले तर हवा कोंडते. कार्ड स्लॉटमध्ये सरळ आहे का, वायरी पंख्यांना लागत नाहीत ना, हे बोटाने चाचपून घ्यायचे. मग कार्डाची मेमरी, रॅमचा वेग आणि एसएसडीचे मॉडेल विक्रेत्याच्या उत्तराशी ताडून पहायचे आणि न मागता आलेली चाचणी-मुदतीची सॉफ्टवेअरे काढून टाकायची. त्यानंतर तिचा सर्वांत जड खेळ तासभर सलग चालवायचा, कारण पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक यंत्र थंड असते. तापमान कुठे स्थिरावते ते लिहून ठेवायचे, कार्डातून किरकिर किंवा शीळ ऐकू येते का ते बंद खोलीत ऐकायचे आणि यंत्र एकदाही आपोआप बंद पडले तर कारण शोधत न बसता परत पाठवायचे. परतीची मुदत पूर्ण होईपर्यंत खोका, थर्माकोल आणि ती फोमची पिशवी यांतले काहीही टाकायचे नाही.